चुकीला ना-हरकत मिळेल का?

जुलै १९४४. ग्वाम बेटावर अगात गावाच्या किनाऱ्याला अमेरिकी मरीन सैनिक लागले, तेव्हा जपानी फौजेच्या आधी त्यांच्या स्वागताला एक पाटी उभी होती. ‘मरीन्सचं स्वागत’ अशा अर्थाचा मजकूर आणि खाली सौजन्य म्हणून नौदलाच्या चार नंबरच्या पाणबुडे तुकडीचं नाव. कुठल्याही किनाऱ्यावर पहिलं पाऊल आमचंच पडतं, ही मरीन लोकांची जुनी फुशारकी. किनाऱ्यालगतचे अडथळे सुरुंग लावून उडवत आधी काही दिवस पाण्यात काढलेल्या पोहणाऱ्यांनी ती एका फळीवर जिरवली.

ही पाटी १९५१ च्या ‘द फ्रॉगमेन’ या चित्रपटात आहे. लष्करी पाणबुड्यांवरचा तो पहिला मोठा हॉलिवूडपट. ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’सारखा नाचगाण्याचा चित्रपट काढणाऱ्या लॉइड बेकनचं दिग्दर्शन, रिचर्ड विडमार्कचा कडक अधिकारी, डॅना अँड्र्यूजचा अनुभवी आणि जरासा उद्धट दुय्यम. पडद्यावर मात्र पाटीची गोष्ट पालटते. ती लावायला चोरून गेलेल्या दोघांपैकी एक तरुण गोळी लागून जायबंदी होतो. ज्या नव्या साहेबाला सगळी तुकडी मनातून शिव्या घालत असते, त्याचा कडकपणा बरोबर होता, हे मग सगळ्यांना (आणि आपल्यालाही) कळतं. प्रत्यक्षात जी थट्टा होती, आणि आजही थट्टा म्हणूनच सांगितली जाते, ती चित्रपटात शिस्तीचा धडा झाली.

एवढ्यावरून मी चित्रपटाला नावं ठेवणार नाही. काळ्यापांढऱ्या पाण्याखालची ती छायाचित्रणाची करामत आजही बघावी अशी आहे. नॉर्बर्ट ब्रोडीन यांना त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि कथेलाही एक. जहाजाच्या पोटात घुसून न फुटलेला टॉर्पेडो विडमार्क निकामी करतो, तो प्रसंग तर श्वास रोखून पाहावा लागतो. पुढे अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ या कमांडो तुकड्यांत गेलेल्या कित्येकांनी हा चित्रपट लहानपणी पाहून तिकडे वळल्याचं सांगितलं आहे. नौदलाने सहकार्य दिलं, त्याचं फळ नौदलाला व्याजासकट मिळालं.

माझा प्रश्न त्या सहकार्याच्या किमतीचा आहे, आणि तो मला आपल्याकडच्या एका पत्रामुळे पडला.

२०२० च्या जुलैत आपल्या संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला लिहिलं, की सैन्यावर आधारित चित्रपट, माहितीपट किंवा वेबमालिका दाखवण्याआधी निर्मात्यांना मंत्रालयाचं ‘ना-हरकत प्रमाणपत्र’ घ्यायला सांगावं. वर्दीचा अपमान करणारी दृश्यं वेबमालिकांतून येतात, अशा तक्रारी हे त्यामागचं कारण. ऑगस्टमध्ये हवाई दलाने ‘गुंजन सक्सेना’ चित्रपटातल्या चित्रणावर बोर्डाकडे हरकत नोंदवली. जानेवारी २०२२ मध्ये दिग्दर्शक ओनिर यांची एका समलिंगी सैनिकावरची पटकथा मंत्रालयाने नाकारली. त्यांना रणगाडे नको होते, हेलिकॉप्टर नको होतं, छावणीत शूटिंगही नको होतं. त्यांना फक्त एक गोष्ट सांगायची होती.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. चित्रपटवाल्याला नौदलाची जहाजं हवीत, खरे जवान हवेत, नाविक तळ हवा, तर नौदल पटकथा वाचायला मागणारच. आपली गाडी लग्नाला देतानाही आपण विचारतो, कुठे नेणार आणि कोण चालवणार. हा व्यवहार आहे आणि ‘द फ्रॉगमेन’ त्याच व्यवहारातून जन्माला आला. अमेरिकेत तो आजही तसाच चालतो. पण ज्याने सरकारची एक होडीही मागितली नाही, त्याने परवानगी का घ्यायची? सैन्याचा इतिहास ही सैन्याची मालमत्ता नाही. तो लढणाऱ्यांचा आहे, मेलेल्यांच्या घरच्यांचा आहे, आणि त्यांच्या पगारासाठी कर भरणाऱ्या आपलाही आहे.

सहकार्याच्या कथेतून पहिली गळते ती चूक. हे म्हणणं जरा उलगडून सांगायला हवं, कारण अमेरिकी पाणबुड्यांचं दल जन्माला आलं तेच एका भयंकर चुकीतून.

२० नोव्हेंबर १९४३ ला मध्य पॅसिफिकमधल्या तरावा प्रवाळबेटावर अमेरिकी फौजा उतरल्या. भरतीचा अंदाज चुकला. प्रवाळाच्या कड्यावर जेमतेम तीनेक फूट पाणी होतं आणि उतरणाऱ्या होड्यांना त्याहून जास्त खोली लागत होती. होड्या कड्यावर अडकल्या. पाठीवर ओझं आणि हातात बंदूक घेतलेले सैनिक समोरून येणाऱ्या मशिनगनच्या माऱ्यात कित्येकशे मीटर पाणी तुडवत निघाले. तरावातलं बेत्यो, जिथे ही लढाई झाली, हे मुंबईच्या एखाद्या उपनगराहून लहान बेट. तिथे तीन-साडेतीन दिवसांत सुमारे हजार अमेरिकी मेले. यापुढे किनाऱ्याचं पाणी माणसाने स्वतः उतरून मोजल्याशिवाय फौज उतरवायची नाही, हा धडा ॲडमिरल टर्नर यांनी त्यातून घेतला आणि पाण्याखालच्या विध्वंसक तुकड्या उभ्या राहिल्या. फ्लोरिडात फोर्ट पिअर्सला ड्रेपर कॉफमन त्याआधीच अशी माणसं घडवत होते. १४ जून १९४४ ला, पॅसिफिकमधल्याच सायपान बेटावर फौज उतरण्याच्या आदल्या दिवशी, कॉफमन यांची मुलं भर उजेडात पोहत गेली. त्यांच्याजवळ गाठी मारलेली मासेमारीची दोरी होती, लिहायला प्लॅस्टिकची पाटी होती आणि स्वतःच्याच अंगावर खोली मोजायला काळ्या रेघा ओढलेल्या होत्या. गाठ किती अंतरावर आली आणि पाणी कुठल्या रेघेपर्यंत, यावरून नकाशा तयार व्हायचा. अंगावर चड्डी, डोळ्यांवर काच, कमरेला सुरी. श्वसनयंत्र नाही. पॅसिफिकमधल्या या तुकड्यांचं बहुतेक काम छातीत भरलेल्या एका श्वासावर झालं.

चित्रपटाच्या शेवटी मात्र पाणबुडे श्वसनयंत्रं लावून शत्रूच्या पाणबुडी बोटींचा तळ उडवायला जातात आणि पाण्याखाली सुऱ्यांची झटापट होते. बघायला झकास! पण गाठी मोजत पोहणारा उघडा पोरगा, ज्याच्या मोजमापावर उद्या हजारो लोकांचा जीव अवलंबून आहे, तो मला त्याहून कितीतरी मोठा नाट्यविषय वाटतो. आणि तरावाची चूक कथेच्या मुळाशी नसल्यामुळे ही माणसं पाण्यात का उतरतात, हे चित्रपटात नुसतं शौर्यापुरतं उरतं. त्यामागे आधी गेलेल्या हजार जणांचं ऋण आहे, हे त्यात कुठे जाणवत नाही.

गंमत अशी, की त्याच अमेरिकेने युद्ध चालू असताना तरावा लोकांना दाखवलं होतं. मरीन्सच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली, लाटांवर हेलकावणारी अमेरिकी प्रेतं दिसणारी एक छोटी माहितीफीत १९४४ च्या मार्चमध्ये चित्रपटगृहांत लागली. ती दाखवावी की नाही हा निर्णय थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला आणि त्यांनी हो म्हटलं. लोक हादरले, पण मोडले नाहीत. त्या फितीला पुढे ऑस्करही मिळालं. युद्ध ऐन रंगात असताना जे सरकार हे दाखवू शकलं, त्याच देशात युद्ध जिंकून सहा वर्षांनी निघालेला चित्रपट जास्त सावध आहे. तेव्हा गुपित राखण्याचं कारण नेहमी शत्रूच असतो, असं मला वाटत नाही. पुष्कळदा कारण असतं प्रतिमेचं.

ब्रिटनचं उदाहरण याहून बोचरं आहे. लायनेल क्रॅब हा जिब्राल्टरचा नावाजलेला पाणबुड्या. इटालियन पाणबुडे बंदरातल्या ब्रिटिश जहाजांच्या तळाला स्फोटकं चिकटवून जात, ती पाण्याखाली जाऊन काढायची हे त्याचं काम. त्यासाठी त्याला जॉर्ज पदक मिळालं. एप्रिल १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन यांना घेऊन आलेली सोव्हिएत क्रूझर पोर्ट्स्मथ बंदरात उभी असताना हाच क्रॅब तिच्या आसपास पाण्यात उतरला आणि परत वर आला नाही. त्याच्या मृत्यूची परिस्थिती उघड करणं सार्वजनिक हिताचं नाही, असं पंतप्रधान ईडन यांनी संसदेत सांगितलं. पुढच्या वर्षी चिचेस्टरजवळ शीर नसलेलं एक प्रेत पाण्यात सापडलं. त्यानंतर १९५८ मध्ये ‘द सायलेंट एनिमी’ हा चित्रपट आला, लॉरेन्स हार्वे क्रॅबच्या भूमिकेत. त्यात जिब्राल्टर आहे, पोर्ट्स्मथ नाही. शौर्य पडद्यावर आलं आणि फजिती कपाटात गेली. त्या प्रकरणाचे काही कागद २०५७ पर्यंत बंद आहेत. तेव्हा क्रॅबचा नातू जरी असता, तरी म्हातारा झाला असता.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे पाणबुड्यांची गोष्ट या दोन्हींपेक्षा सरस आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊक नाही.

मार्च १९७१ च्या अखेरीस फ्रान्सच्या तूलाँ बंदरात ‘मांग्रो’ या पाकिस्तानी पाणबुडीवरचे आठ बंगाली नौसैनिक पळाले आणि भारतात पोचले. त्यांच्याभोवती आपल्या नौदलाने एक गुप्त योजना उभी केली. पलाशीला, त्याच इतिहासप्रसिद्ध पलाशीला, भागीरथीच्या काठी छावणी पडली. निर्वासितांच्या तळांवरून निवडलेली कॉलेजातली, शेतावरची पोरं तिथे दिवसाचे तासन् तास पोहू लागली. चारशेहून अधिक जण तयार झाले. गमछाने पोटाशी बांधलेली सुमारे पाच किलोची लिंपेट सुरुंगपेटी, म्हणजे जहाजाच्या बुडाला चुंबकाने चिकटणारा बॉम्ब, ही त्यांची सामग्री. पाण्यात विरघळणाऱ्या गोळीवर तिचा खटका चाले, आणि जहाजापर्यंत पोचायच्या आत गोळी भिजू नये म्हणून तिच्यावर कंडोम चढवला जाई. कंडोमची एवढी मागणी कशासाठी, हा प्रश्न खरेदीखात्यात कुणीतरी विचारला असेलच.

हल्ल्याचा इशारा आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून यायचा. पंकज मलिक यांच्या आवाजातलं एक रवींद्रगीत वाजलं की तयारीला लागा. बाहुली पहिल्यांदाच सासरी निघाल्याचं दुसरं गाणं वाजलं की निघा. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या पूर्व पाकिस्तानातल्या चार बंदरांत एकाच रात्री स्फोट झाले. डिसेंबरचं युद्ध अजून साडेतीन महिने दूर होतं.

या योजनेमागचे एक मुख्य अधिकारी मराठी होते. कॅप्टन मोहन नारायणराव सामंत. आपल्या ‘करंज’ या पाणबुडीचे ते पहिले कप्तान. हे नाव उरणजवळच्या करंजा बेटावरून आलं आहे. त्यांना महावीरचक्र मिळालं. पण या छुप्या योजनेतलं फारसं काही त्यांना जवळपास पन्नास वर्षं उघडपणे सांगता आलं नाही. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेलं त्यांचं पुस्तक २०१९ मध्ये आलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. नौदलातल्या निवृत्त माणसांना विचारा, सामंतांचं नाव ते आदराने घेतात. दादर-पार्ल्यातल्या वाचणाऱ्या माणसाला विचारा, गाडी बहुधा अडते. सामंतांच्या नेतृत्वाखाली ‘पनवेल’ नावाच्या युद्धनौकेने बांगलादेशाच्या नदीत लढाई केली, हे खुद्द पनवेलात तरी किती जणांना माहीत असेल?

कागद बंद राहिले की पोकळी राहते आणि पोकळीत काहीही भरता येतं. ‘गाझी’चं बघा. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची ही पाणबुडी नव्वदहून अधिक माणसांसह बुडाली. ‘राजपूत’ या विनाशिकेने तिला बुडवलं, असं आपण म्हणतो. आतच स्फोट झाला, असं पाकिस्तान म्हणतो. आपले पाणबुडे खाली जाऊन तिच्यातल्या वस्तू वर घेऊन आले होते. म्हणजे निवाड्याचा पुरावा हाती असलेली माणसं आपल्याकडे होती. पण २०१० मध्ये वृत्तपत्रांत आलं, की गाझी बुडाल्यासंबंधीची नौदलाची कागदपत्रं शिल्लकच नाहीत. लष्कराच्या कलकत्त्यातल्या पूर्व विभागाचे १९७१ चे कागद नष्ट झाल्याची बातमीही त्याच सुमारास आली. २०१७ मध्ये ‘द गाझी अटॅक’ निघाला. त्यात गाझीला एक भारतीय पाणबुडी बुडवते, म्हणजे दोन्ही देशांचं म्हणणं बाजूला ठेवून तिसरीच गोष्ट. चित्रपटवाल्याला मी फार दोष देत नाही. ज्या देशाने स्वतःची कागदपत्रं जपली नाहीत, त्याने काल्पनिक पाणबुडीवर रागवायला तोंड कुठे आहे?

कायदा मात्र आहे. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा. पंचवीस वर्षं झालेले कागद तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवायचे, ही चौकट त्यानंतरच्या नियमांत आली. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या इतिहासलेखनाचं धोरण जाहीर केलं. मोहीम संपल्यावर पाच वर्षांत इतिहास तयार करायचा आणि साधारणपणे पंचवीस वर्षांत कागद खुले करायचे. चांगलं धोरण आहे, मनापासून म्हणतो. पण १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल अजून सरकारने खुला केलेला नाही. त्याचा मोठा भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, तरीही नाही. जे सगळं जग वाचतं, ते आपल्या नागरिकापासून गुप्त. या हट्टाला सुरक्षा म्हणणं जड जातं.

ना-हरकतीच्या बाजूने सांगितलं जातं त्यातलं काही मला पटतं. शहिदाच्या घरच्यांना न विचारता त्याच्या आयुष्यावर मसाला चोळणं गलिच्छ आहे. चालू मोहिमांचे तपशील पडद्यावर नकोत, हेही उघड आहे. पण गुपितं फोडणाऱ्यासाठी १९२३ चा शासकीय गुपितं कायदा आहे, बदनामीसाठी न्यायालय आहे, आणि सेन्सॉर बोर्ड तर आहेच. त्यावर आणखी एक खिडकी कशाला? तिथे सुरक्षेची चाळणी कमी लागेल आणि चेहरा कसा दिसतो याची जास्त. कुठला निर्माता कोट्यवधी रुपये घालून त्या खिडकीशी भांडेल? तो आधीच घरी बसून कथेतली अडचणीची पानं फाडेल. नकार देण्याची वेळ फारशी येणारच नाही. ओनिरसारखा एखादा अडला, तेवढंच आपल्याला दिसतं.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी कागद खुले करा, मग चित्रपट जसा निघेल तसा निघू द्या. सहकार्य दिलं असेल, तर ते कशाच्या बदल्यात दिलं हे श्रेयनामावलीत स्पष्ट लिहा. प्रेक्षक इतका अडाणी नाही. वाईट चित्रपट निघतील, खोटे निघतील. कागद खुले असले तर कुणीतरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात लिहील, की हे खोटं आहे. गाझीच्या बाबतीत तेही ठामपणे लिहिता येत नाही, हे खरं दुखणं आहे.

आणि सामंतांच्या कहाणीचा शेवट मी मुद्दाम मागे ठेवला होता.

१० डिसेंबर १९७१. ‘पनवेल’ आणि मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ या दोन तोफनौका सामंतांच्या नेतृत्वाखाली मोंगला घेऊन नदीतून खुलन्याकडे निघाल्या होत्या. ओळख पटावी म्हणून नौकांवर पिवळी खूण होती. वरून लढाऊ विमानं आली. ती आपलीच होती, भारतीय हवाई दलाची. त्यांनी ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ बुडवल्या. ‘पलाश’च्या इंजिनघरातला रुहुल अमीन नौका सोडायला तयार झाला नाही. बांगलादेशाने त्याला ‘बीर श्रेष्ठो’ हा सर्वोच्च सन्मान मरणोत्तर दिला. ‘पनवेल’ वाचली, तिने पाण्यात पडलेल्यांना उचललं.

हे गुपित नाही. नौदलाच्या इतिहासात ते छापलेलं आहे, सामंतांनीही ते लपवलं नाही. तरावाइतकीच ही आपली चूक, आणि तरावाइतकंच तिच्यातलं शौर्य. उद्या एखादा मराठी दिग्दर्शक ही गोष्ट घेऊन उभा राहिला, पोटाशी गमछा बांधलेली पोरं, रेडिओवरचं बाहुलीचं गाणं, आणि शेवटी पिवळ्या खुणेवर पडलेले आपलेच बॉम्ब, तर ना-हरकतीच्या खिडकीवरचा साहेब शेवटची दहा पानं वाचून काय म्हणेल?